पाचवा हिस्सा

“तिला खर्च तो काय असतो?” — असं म्हणाले माझे मोठे दीर. मला ऐकवण्यासाठी नव्हतं ते. मी वाळलेल्या चादरी घेऊन दाराबाहेर उभी होते, इतकंच. — नाही काकू, विषय बदलत नाहीये. नव्या चष्म्यानं डोकं का दुखत होतं, असं तुम्हीच विचारलंत ना, तेच सांगतेय. बसा. स्टूल जरा डुगडुगतं, भिंतीकडे सरकवून घ्या.

आमच्या घरात एक नियम आहे. कमावेल त्यानं पगाराचा पाचवा हिस्सा घरखर्चाला द्यायचा — बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावरून फिरतो. सासऱ्यांचा नियम. जन्म गेला त्यांचा कर खात्यात. म्हणतात, सवलतींच्या फटी ठेवल्या की ज्याला महागडा सल्लागार परवडतो तो फटीतून निसटतो आणि साधा माणूस सापडतो. म्हणून दर एकच, सूट कुणालाच नाही. स्वतःच्या पेन्शनचाही पाचवा हिस्सा टाकतात, सुट्टी नाणी धरून. वाईट नाहीत हो. लग्न ठरताना मला तर आवडलंच होतं हे — सून म्हणून वेगळं काही नाही, सगळे एका रांगेत. रांगेत उभं राहिल्यावर दिसतं, कुणाच्या पायात काय आहे ते. भाऊजींचा पाचवा हिस्सा गेला की त्यांची गाडी एक वर्ष उशिरा बदलते. माझा गेला की — बसचा पास, दुपारचा डबा नेला नाही तर खाणं, आईला फोन — पाचातलं एक गेलं की मागे उरलेली चार सगळ्यांची सारखी नसतात, काकू.

घाला बघू. नाकावर टोचतोय? द्या, वाकवते जरा.

तर माझा नंबर वाढलाय. हो, चष्म्याच्या दुकानात काम करूनही. हसा, मालकही हसतात. निम्म्या किमतीत काच देतो म्हणालेत. ती निम्मीही चार महिने ‘पुढच्या महिन्यात’ चाललीय. तुमच्या नंबरची काच ठरावीक कोनात बसवावी लागते. त्यासाठी बारीक ठिपका असतो खुणेचा. मला ठिपके दोन दिसले, मी नको तो धरला. म्हणजे तुमचं डोकं माझ्या जुन्या चष्म्यामुळे दुखलं. या वेळी खूण मालकांकडून तपासून घेतलीय. चूक माझी, ते सांगितलंय त्यांना. काच माझ्या पगारातून — आता पाचवा हिस्सा पूर्ण पगाराचा की कापलेल्या, ते सासऱ्यांना विचारायला हवं.

त्या चादरींच्या दिवशी ह्यानं, माझ्या नवऱ्यानं, शब्द टाकला होता माझ्यासाठी. दोन महिने तिला सूट द्या, चष्मा घेऊ दे. त्यावर भाऊजींचं ते वाक्य. मग सासरे म्हणाले, “एकदा सूट दिली की मागायची सवय लागते.” आणि हा? हा “बरं” म्हणाला. नुसतं बरं, भाजी संपलीय म्हटल्यावर म्हणतात तसं. राग आला का? नाही आला. यायला हवा होता, एवढं कळलं. मी चादरींच्या घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा लावून. हे सगळं कशाला सांगतेय मी तुम्हाला — समोरचा तक्ता वाचा. शेवटची ओळ. वाचता येतेय ना? मग झालं.

शनिवारी तुम्ही चष्मा परत ठेवून गेलात, काल पहिला रविवार होता. डबा भाऊजींपासून निघाला. त्यांनी फोनवर बोलता बोलताच पाकीट टाकलं, बघितलंसुद्धा नाही. फिरत फिरत माझ्यापुढे आला. सासरे म्हणाले, “टाक गं, त्यात विचार कसला?” लग्नाला पाच महिने झाले, त्या टेबलावर मी ‘वाढू का’ याखेरीज काही बोलले नव्हते. काल बोलले. म्हटलं, “टाकते बाबा, पाचवा हिस्साच टाकते, सूट नको. फक्त आधी प्रत्येकानं सांगू या, हे पैसे दिल्यामुळे गेल्या महिन्यात आपलं काय घ्यायचं राहून गेलं. डबा निघाला तिथूनच सुरुवात करू. भाऊजी, तुमचं काय राहिलं?”