बिनकाचेचं हॅण्डल

बद्रीनाथ : गयासभाई, दारावर हे काय लावलंय तुम्ही?

गयास : हॅण्डल.

बद्रीनाथ : ते दिसतंय. कशाचं?

गयास : काच वर-खाली करायचं.

बद्रीनाथ : आणि काच?

गयास : काच माझ्याकडं नाय मिळत, साहेब. मी कुशनवाला. काचेचं काम मागच्या गल्लीत.

बद्रीनाथ : अहो, या गाडीला काचच नाही! सत्तेचाळीसची विलायती एमजी आहे ही. कारखान्यातनंच बिनकाचेची आली. दार बघा, बसलेल्या माणसाच्या कोपरापर्यंत येतं कसंबसं. यात काच राहणार कुठे आणि वर जाणार कशाच्या आधारानं?

गयास : मी पण तेच म्हणलो.

बद्रीनाथ : कुणाला?

गयास : स्वतःला. दुकानात दुसरं कोण होतं? मग स्वतःच जवाब दिला : गयास, तुला क्या करना है? तुला दोन दारांचे पॅड सांगितलेत. आत हार्डबोर्ड, त्यावर फोम, वरून मरून रेग्झिन, कडेनं पायपिंग. जुना पॅड फर्मा म्हणून दिलाय. फर्म्याला भोक, तर नव्याला भोक.

बद्रीनाथ : ते भोक वाळवीनं पाडलं असेल. वीस वर्षं गाडी पाचोडला गोठ्यात कडब्याखाली होती.

गयास : वाळवी इतकं गोल नाय खात, साहेब. कंपास नसतो तिच्याकडं.

बद्रीनाथ : बरं, भोक पाडलंत. हॅण्डल कुणी सांगितलं?

गयास : भोकाला मोकळं ठेवू? हवा येते, उंदीर येतात, गिऱ्हाईक बोट घालतात. ॲम्बेसेडरचं एक हॅण्डल पडून होतं, ते बसवलं. छान बसलं. जसं काय तिथंच जन्मलं.

बद्रीनाथ : एक मिनिट. फर्मा फक्त डाव्या दाराचा होता. उजव्याचा तर भुगा झाला होता. मग उजव्या दारालाही हॅण्डल कसं?

गयास : डावा पॅड उलटा केला की उजवा होतो. फर्मा उलटला, भोक पण उलटून तिकडं गेलं. मी रोखलं नाय त्याला.

बद्रीनाथ : म्हणजे दोन हॅण्डलं आणि शून्य काचा.

गयास : आणि एकाच बाजूला लावलं असतं, तर? एका बाजूची काच बंद, दुसरी उघडी. धूळ येणार नाय का तिकडनं?

बद्रीनाथ : कुठली काच, गयासभाई!

गयास : जी नाय ती.

बद्रीनाथ : हे बघा, मी वाळूजला कंपनीत क्वालिटीला आहे. एका मिलिमीटरनं चुकलेला माल मी परत पाठवतो. रविवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे. परीक्षक बोनेटखाली वाकून बोल्टचं डोकं बघतात, ओरिजिनल आहे का म्हणून. त्यांना मी काय सांगू? माझ्या गाडीला हॅण्डल आहे, काच मात्र श्रद्धेनं मानावी?

गयास : ओरिजिनलच करा म्हणलात तुम्ही. जुन्या पॅडला होतं ते ओरिजिनल. आमच्या अब्बांचंच काम ते, टाका ओळखतो मी. आतली चकती पण जशीच्या तशी केली.

बद्रीनाथ : आतली कसली चकती?

गयास : पॅडच्या मागं पत्र्याची चकती निघाली. कडेला करवतीसारखे दाते. त्यावर एक पट्टी टेकवलेली. गंजली होती, नवी कापून लावली.

बद्रीनाथ : ती कशाला जोडलीय?

गयास : हॅण्डलला.

बद्रीनाथ : आणि दुसरीकडे?

गयास : कशालाच नाय. मी पण फार शोधलं.

बद्रीनाथ : मग तिचा उपयोग काय?

गयास : फिरवून बघा ना. कर्र वाजतं.

बद्रीनाथ : वाजून काय होतं?

गयास : वाजतं. बास. प्रत्येक गोष्टीनं काम केलंच पाहिजे असं कुठंय? माझा मेहुणा बघा.

बद्रीनाथ : तुम्हाला गंमत वाटतेय. मी ही गाडी रॅलीसाठी नाही करत, गयासभाई. आईसाठी करतोय. काका गेल्यापासून ती या गाडीत बसली नाही. काका म्हणजे आमचे वडील, काकासाहेब. म्हटलं, गाडी नवी करू, रविवारी आईला शेजारी बसवून नेऊ. गेल्या महिन्यात रंग झाल्यावर तिला आणून दाखवली. ती भोवती फिरली, आत डोकावली आणि म्हणाली, “ही आपली गाडी नाय. मी नाय बसायची.”

गयास : का?

बद्रीनाथ : म्हणाली, “आपल्या गाडीला काच होती.”

गयास : हौ?

बद्रीनाथ : मी विलायतेतनं पुस्तक मागवलं. तिला चित्र दाखवलं. काच नव्हतीच, आई. तर म्हणते, “तुझं पुस्तक बसलं होतं का त्या गाडीत?” वय विचारलं तर म्हणते, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जन्मले. सगळ्या जुन्या गोष्टी नीट आठवतात, एवढी एकच… संध्याकाळी डॉक्टरची वेळ घेतलीय. मेंदूच्या.

गयास : बाहेर खुर्चीवर चहा पितात त्याच ना मावशी?

बद्रीनाथ : त्याच.

गयास : आत्ता मला म्हणल्या, तुझ्या चहात पत्ती कालचीच हाय. होती, साहेब. मेंदू तर चालू वाटतो.

बद्रीनाथ : तुमच्या चहावरनं निदान नाही होत. ही हॅण्डलं काढा. दोन्ही. काच नाही हे तिनं डोळ्यांनी बघितलंय, त्यात हे हॅण्डल दिसलं तर पार गोंधळेल बिचारी.

गयास : काढतो. एकदा शेवटचं फिरवू? अब्बांची निशाणी. बघा हं… कर्र, कर्र, कर्र…

मनकर्णाबाई : कोन रं? काच कोन वर करतंय?

बद्रीनाथ : झालं. आई, तू तिथंच बस.

मनकर्णाबाई : व्हय बाजूला. ह्यो आवाज… आरं, हे हाय की! मग महिन्याभरामागं दावलीस ती कोनाची गाडी व्हती?

बद्रीनाथ : हीच, आई. तेव्हा आतले पॅड नव्हते.

मनकर्णाबाई : हेच नव्हतं तर वळखू कशी? तू कोन रं, नूरमोहम्मदचा का?

गयास : हौ, मावशी. गयास.

मनकर्णाबाई : बापाचा हात आलाय तुला. चहा मातर आईचा नाय आला.

बद्रीनाथ : आई, इकडे बघ. हे हॅण्डल कशालाही जोडलेलं नाहीये. इथं काच नाही.

मनकर्णाबाई : मला डोळे हायेत, बद्री. काच नाय हे मला पयल्या दिशीच कळलं व्हतं.

बद्रीनाथ : अगं, तूच म्हणालीस काच होती!

मनकर्णाबाई : व्हती की.

गयास : साहेब, मला पटायला लागलं.

बद्रीनाथ : तुम्ही गप्प बसा. आई, नीट सांग. होती की नव्हती?

मनकर्णाबाई : तुझ्या बापानं ही गाडी आनली एका जहागीरदाराकडनं. पोलीस ॲक्शननंतर त्येंचं येकेक करून समदंच इकायला निघालं, पंधरा-सोळा वर्सांनी ही बी. मी नवी नवरी. आन सासूबाई दारात आडव्या. म्हनल्या, सून आसल्या उघड्या गाडीत जायची नाय, समदा बाजार बघंल. तुझा बाप म्हनला, उघडी कुठं हाय आई, काच हाय की तिला. वर केली की झाली बंद.

बद्रीनाथ : चक्क खोटं?

मनकर्णाबाई : सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिसायचं नाय, पन कान आसे की मांजर भिंतीवरनं गेली तर कोनाची मांजर ते सांगायच्या. मग ह्येच्या बापाकडनं हॅण्डल बसवून घेतलं. सासूबाई म्हनल्या, फिरव. मी फिरवलं. म्हनल्या, आवाज कुठाय? आवाज नाय तर काच नाय.

गयास : म्हणून चकती!

मनकर्णाबाई : परत आनली गाडी इथं. मग वाजायला लागलं. तवापासून नेम झाला. निघायचं म्हनलं की सासूबाई गाडीला कान लावून हुभ्या. मी कर्र, कर्र. “झाली का गं वर?” “झाली.” “मग जा आता.”

बद्रीनाथ : आणि आजीला कधीच कळलं नाही?

मनकर्णाबाई : सांगते ना. बाजार मागं टाकला, शेवटचं घर गेलं, की तुझा बाप म्हनायचा, “आता खाली कर, वारं येऊ दे.” मी खाली करायची.

गयास : नसलेली?

मनकर्णाबाई : मग? वर केलेली खाली नको करायला? आन मग लई वारं यायचं, बद्री. डोक्यावरचा पदर उडायचा. घरात तवर वाऱ्यानं बी इचारून यायचं.

गयास : मावशी, आधी पण वारा येतच होता ना?

मनकर्णाबाई : येत व्हता. पन तवा तो लागायचा नाय.

बद्रीनाथ : …आजीचं सांगत होतीस.

मनकर्णाबाई : पुढं सरकारी शिबिरात मोतीबिंदू काढला त्येंचा. चांगलं दिसाय लागलं. तुझा बाप म्हनला, मेलो. त्या आल्या गाडीपाशी. मी भीत भीत हॅण्डल फिरवलं. त्येंनी बघितलं. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग हात पुढं केला आन आसा हवेतच थांबवला. म्हनल्या…

बद्रीनाथ : काय म्हणाली?

मनकर्णाबाई : “लई स्वच्छ पुसलीस गं काच. दिसत बी नाय.”

गयास : अल्ला!

मनकर्णाबाई : आन बोट नाय लावलं. म्हनल्या, डाग पडंल.

बद्रीनाथ : हे सगळं मला तेव्हाच का नाही सांगितलंस, आई?

मनकर्णाबाई : तू कुठं इचारलं? मी काच म्हनले, तू डॉक्टरला फोन लावला.

गयास : साहेब, मग हॅण्डल काढू?

बद्रीनाथ : हात लावून बघा.

मनकर्णाबाई : माझ्याकडचं राहू दे. तिकडचं काढ. डायवरच्या बाजूला कधीच नव्हतं. तो म्हनायचा, मानसाच्या हातात ठेरिंग, काच करायला येळ कुनाला.

गयास : आणि त्या भोकाचं काय करू?

मनकर्णाबाई : उदबत्ती खोच.

बद्रीनाथ : आणि रविवारी परीक्षक विचारतील, काच कुठंय?

मनकर्णाबाई : म्हनावं, खाली हाय.

बद्रीनाथ : वर करून दाखवा म्हणाले तर?

मनकर्णाबाई : करीन की. आन म्हनीन, बोट लावू नका.

बद्रीनाथ : मार्क कापतील.

गयास : कापू द्या. एक मिलिमीटरचा माल परत पाठवणाऱ्यानं आख्खी काच सोडून दिली, यातच मला बक्षीस मिळालं.

बद्रीनाथ : डॉक्टरला नाही म्हणून कळवतो.

मनकर्णाबाई : कशाला? येळ घेतलीय तर गुडघा दाखवू.

बद्रीनाथ : मेंदूच्या डॉक्टरला गुडघा दाखवतात का?

मनकर्णाबाई : तू चांगलं डोकं दाखवायला निघाला व्हता, ते चालतं?

गयास : जा, साहेब, पण डॉक्टरांना काचेचं सांगू नका. आता तुम्ही पण होती म्हणाल आणि ते दोघांना ठेवून घेतील.

बद्रीनाथ : ये आई, बस. सावकाश. पाय आत घे. दार लावू?

मनकर्णाबाई : लाव. आन दम धर जरा. काच वर करू दे.

(कर्र, कर्र आवाज. गाडी सुरू होते.)

गयास : मावशी! ओ मावशी! रविवारी मला पण न्या!

मनकर्णाबाई : मोठ्यानं बोल! काच वर हाय!

गयास : मला पण न्या म्हणलं!

मनकर्णाबाई : दोनच शिटा हायेत! चहा सुधार आधी!… चल रं. बघतोय काय माझ्याकडं? म्होरं बघ.

बद्रीनाथ : बघतोय. क्रांती चौक गेला, बाजार मागे पडला, आई.

मनकर्णाबाई : दिसतंय मला.

बद्रीनाथ : मग… आता खाली कर. वारं येऊ दे.