रडून दाखव!

अगं, मी नाटकात कशी गेले ते ऐक. बदलापूरहून उल्हासनगरच्या कॉलेजात नुकतीच जायला लागले होते. कोणाशी बोलायची हिंमतच व्हायची नाही. एक रांग दिसली, आयकार्डची असेल म्हणून गपचूप उभी राहिले.

नंबर आला तर समोरचे सर म्हणाले, "चल, रडून दाखव."

रांग नाटकात घ्यायची मुलं निवडायला होती! सगळे माझ्याकडे बघत होते. मला खरंच रडू फुटलं. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! घेतली हिला!"

बाहेर येताच, रांगेत माझ्या मागे असलेल्या कोमलने हात धरला. "ए, सच्ची में रो रही थी क्या?"

मी मान डोलावली. ती इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. मग कॅन्टीनमध्ये दाल-पकवान खाताना मी अशी बोलत सुटले, की शेवटी तीच म्हणाली, "अरे, सांस तो ले!"