कोरडा बोअर

—वास? कसला वास, भाऊ? तो होय, मागच्या अंगणातला. येतो कधी कधी, ढगाळ असलं की. तुम्ही हदगावचे, तुम्हाला मोकळ्या हवेची सवय; लातूरला महिनाभरात पोरगी रुळते. वैष्णवी वर खोली बघून राहिली ना — बघू द्या निवांत. क्लास इथून पाच मिनिटांवर हाय, या होस्टेलात चाळीस पोरी ठेवल्यात मी, सगळ्या सत्यशीलाकाकू म्हणतात, आणि गेल्या साली दोघी डॉक्टरकीला लागल्या.

पाणी? पाणी लई. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ना, त्या साली आमचा जुना बोअर आटला, मग चार पावलांवर नवा मारला, त्याला तुटवडा म्हणून न्हाई. — जुन्याचं? बुजवायचा कशाला? गल्लीत गटाराची लाइन न्हाई, चाळीस पोरींच्या संडास-बाथरूमचं पाणी न्यायचं कुठं? रोज टँकर बोलावून उपसत बसायचं का? दिला पाइप सोडून जुन्या बोअरात. सगळेच सोडतात. आत गेलं ते गेलं — जमिनीचं पोट मला विचारा, भाऊ, मी किल्लारीकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात सासू, दीर, दोन म्हशी, अख्खं घर गिळलं तिनं, ढेकरसुद्धा दिला न्हाई. ती काही परत देत नसते.

मृण्मयी म्हणून नांदेडची एक पोर होती. हुशार, पण तोंडाळ. त्यांना केमिस्ट्रीत हरित रसायनशास्त्र का काय असतं — घाण करून मग निस्तरण्यापेक्षा मुळात होऊच देऊ नये, असलं काहीतरी. मला म्हणे, काकू, हे आम्ही परीक्षेपुरतंच पाठ करायचं का? ग्रामपंचायतीत पाणी तपासायची बाटली असते बघा, तसली आणली कुठून तरी, नळाचं पाणी भरून खिडकीत ठेवली. दोन दिवसांत काळं कुळकुळीत. म्हणे, काळं झालं की पाण्यात संडासाची घाण हाय समजायचं. आता खिडकीत ऊन लागतं, पाणी काळं होणारच — न्हाई होत? मी तर ओतून दिलं. न्हाई, पुन्हा तपासलं न्हाई, पोरींच्या नादाला कोण लागतं? पुढं तिला कावीळ झाली, तिच्या खोलीतल्या दोघींनाही. परीक्षेच्या तोंडावर जागरणं करतात, बाहेरचं खातात. त्या दोघी उठल्या बरं का, खडखडीत झाल्या. मृण्मयीला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. — मग काय, तिथून घरी आली न्हाई. ज्याचं त्याचं नशीब. पाण्याचं नाव कोणी घेतलं न्हाई, तुम्हीच पहिले.

मी? मी जारचं पिते, विकतचं. माझं पोट नाजूक हाय. मालकांचंही.

उठलात का? चहा टाकायला सांगितला होता. — वैष्णवी, नळ बंद कर गं बाळा, खाली ये, वडील निघालेत. — न्हाई, राग कशाचा, खोली काही रिकामी राहत न्हाई. बाहेर हिमायतनगरचे पाहुणे बसलेत, त्यांचीही मुलगीच हाय. द्या त्यांना आत पाठवून. आणि भाऊ, जाताना त्यांच्यापाशी बोलत उभं राहू नका.