तिवरबंदरचं होडीचं छप्पर

मंडळी, एक सांगा — देवाच्या घरात पुढची जागा कुणाची? ज्यानं जमीन दिली त्याची? का हो, गप्प का?

तर ऐका! तिवरबंदरला येशूच्या आईचं, मरियामाउलीचं देऊळ होतं. लढाईत पडलं. कोळ्यांनी माउलीची मूर्ती जाळ्यात गुंडाळून होडीत लपवली, म्हणून वाचली. पुढे शांतता झाली, देऊळ पुन्हा उभं राहू लागलं. जमीन दुमिंग पाटलाची. आणि चुना? तो कोळणींचा! खाडीतले शिंपले वेचायचे, भट्टीत भाजायचे. सगळ्यांत पुढे रेजिन. का? नव्या देवळात पहिलं लग्न तिच्या लेकीचं लागणार होतं!

भिंती उठल्या, तसा पाटील म्हणाला, "कोळ्यांनी बाहेर ओसरीवर बसायचं. मासळीचा वास येतो!"

वास! अरे, शुक्रवारी पापलेट ओरपतोस तेव्हा नाक गहाण टाकतोस काय?

रेजिन घरी येऊन नवऱ्यावर कडाडली, "सांतान, माझ्या पोरीचं लग्न नि मी ओसरीवर? शिंपले वाहून मान मोडली ती याचसाठी?"

सांतान होड्या बांधणारा सुतार. देवळाचं छप्पर त्याच्याचकडे. तो म्हणतो, "मला छप्पर कुठं येतं गं? होडीच येते."

"मग बांध होडीच!"

बाई रागात बोलली. पण हा पठ्ठ्या — खरंच बांधली!

छप्पर चढलं. पाटील पाद्रीबाबांना घेऊन आत आला, वर बघतो तर — मधोमध कणा, दोन्हीकडे फासळ्या, वर फळ्या — अख्खी होडी पालथी!

"मूर्खा! देऊळ सांगितलं, तू होडी बांधलीस?"

रेजिन दारातच होती. "पाद्रीबाबा, ऐकलंत? पाटील स्वतः म्हणाले — होडी! आता होडीत ओसरी असते का हो? होडीत मानाची जागा नसते, वजन बघून बसवतात. जड माणूस मागं! नायतर होडी तोंडावर आपटते!"

पाटलाच्या पोटाकडे सगळ्यांचे डोळे! पाद्रीबाबा मिशीत हसले. "पाटील, आपला प्रभू कोळ्याच्याच होडीत बसून लोकांशी बोलला. वास येतो म्हणाला नाही. आता मी या होडीचा तांडेल, कुणी कुठं बसायचं ते मी सांगणार. या, मागे बसा."

लग्न लागलं. रेजिन पुढे, वेदीजवळ! पाटील शेवटच्या बाकावर. आधी धुसफुसला, मग वर बघून स्वतःच खो खो हसला — "बुडणार नाही ना रे, सांतान?"

हसलात? छान! आता जरा इकडे बघा. या मांडवात गादीवर कोण? आणि सकाळपासून तुमच्या पंगतीची भांडी घासून आलेल्या बाया कुठं? बाहेर, उन्हात!

उठा सरपंच! होय, तुम्हीच. मागे चला — आपली होडी कलंडतेय!