पोट सुटलेली भिंत

ॲडलेडच्या लसकेंद्रात चित्रलेखा दीड मीटर अंतर राखून रांगेत उभी होती, पण पुढच्या बापलेकीचं मराठी मास्कमधूनही स्वच्छ ऐकू येत होतं.

“बाबा, भिंत आता पडत नाही. आतल्या आणि बाहेरच्या विटांना जोडणारे जुने टाय गंजले होते. काल नवे स्टीलचे बसवले.”

“पण देवयानी, तिचं पोट सुटलेलंच आहे अजून.”

“ते राहणारच. ती मागे ढकलायची नसते, आहे तिथे धरून ठेवायची.”

“आम्ही सरळ उतरवून नवी बांधली असती.”

“ते कुणालाही जमतं. मी इथे शंभर वर्षांची चर्चं उभी ठेवते, बाबा. आपलं घर म्हणजे किस झाड की पत्ती.”

“वादळ आलं तरी राहील?”

“राहील. एकेक टाय ओढून बघितलाय, एकही हलला नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग मी मोकळा झालो. आधी बॉर्डर बंद म्हणून अडकलो, मग या भिंतीपायी थांबलो. आज दुसरा डोस झाला की मिळेल ते विमान धरतो. तुझी आई दीड वर्षं एकटी आहे तिकडे.”

रांग पुढे सरकली. देवयानी जागची हलली नाही, म्हणून चित्रलेखाही थांबली.

“मागची भिंत अजून ठोकून बघितली नाहीये, बाबा.”