उघडू नका हो!

…आणि वर मलाच म्हणतात, धर्माजी, तुम्हाला विसर पडायला लागलाय! अहो, विसर कसला? मैदा, दूध, अंडी, मीठ, सगळं तोंडपाठ आहे. पीठ सरसरीत कालवायचं, मुरत ठेवायचं, स्टीलच्या वाट्यांत तेल घालून धूर निघेपर्यंत तापवायचं, वर पीठ ओतायचं, यंत्राचा ड्रॉवर आत ढकलायचा… आणि उघडायचा नाही. संपलं! आणि तुम्हाला सांगतो, ते शेवटचं तेवढं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून भाईंदरच्या अख्ख्या गोडदेव गावात माझ्या डोक्याची काळजी लागून राहिलीय लोकांना.

थांबा, नीट सांगतो. मी तसा कमी बोलणारा माणूस, पण एकदा सुरू झालो की उतारावरची हातगाडी…

तर ते यॉर्कशायर पुडिंग. मंदा, म्हणजे आमची मंडळी, लेकीच्या बाळंतपणाला लीड्सला गेली होती. इंग्लंडात. जाताना डिंकाचे लाडू घेऊन गेली आणि येताना हे शिकून आली. तिथल्या शेजारच्या म्हातारीनं शिकवलं. त्या म्हातारीला मराठी येत नाही, हिला इंग्रजी येत नाही, पण दोन बायका चुलीपुढं उभ्या राहिल्या की अडतंय कुठं? मला वाटलं, पुडिंग म्हणजे गोड असणार. चमचा घेऊन बसलो. तर पुढ्यात काय? तपकिरी, कुरकुरीत, टम्म फुगलेलं, आत नुसती हवा, आणि सोबत कोंबडीचा रस्सा! मी म्हटलं, "मंदे, हे तर आपल्या राजापूरचे वडे." तर म्हणते कशी, "वडेच हो. थापायचा कंटाळा आलेल्या माणसाचे."

ओव्हन कुठला आमच्याकडे! संचितानं, लेकीनं, एअर फ्रायर घेऊन दिला. आता माझी खोड अशी, की जन्म सगळा भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश करण्यात गेला. भांडं उजेडात धरून बघितल्याशिवाय हातातून सुटायचं नाही. आणि हे यंत्र म्हणजे काळा डबा! आत काय चाललंय, दिसायला नको? माझा हात आपसूक ड्रॉवरच्या मुठीकडे जायचा, की मागून, पाण्याच्या पिंपापाशी ओले हात पुसत उभी असायची ना ती, तिथून आलीच हाक, "अहो, उघडू नका हो! श्वास जातो त्याचा!" मग मला खाली पिटाळायची, कोथिंबीर आणायला. घरात कोथिंबिरीचं शेत झालं होतं, तुम्हाला सांगतो. पण वर येईपर्यंत पुडिंग फुगलेलं असायचं.

गेल्या थंडीत मंदा गेली.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या यंत्रावर फडकं टाकून ठेवलं होतं. मग एका रविवारी, काय सुचलं कोण जाणे, पीठ कालवलं. ओतलं. पंखा घूं घूं करायला लागला. मी उभा. तेलाचा वास सुटला. आत काय झालं असेल… हात गेला मुठीकडे…

"अहो, उघडू नका हो!"

मागून. पिंपापाशी. मी जागच्या जागी थिजलो. वळून बघितलं तर नुसतं पिंप, आणि त्याच्या तोटीतून एक थेंब लोंबतोय. तेव्हापासून वळत नाही मी. वळायचं कशाला? वळलं की पिंपच दिसतं.

भीती? नाही हो. भीती कसली, बायकोची? असतानाच काय ती वाटायची!

पण गंमत बघा. नुसता हात लावला तर नुसतं "अहो…". अर्धवट ओढला तर "उघडू नका". आणि एकदा मी धीर करून सबंध ड्रॉवर बाहेर काढला, तर "श्वास जातो त्याचा, किती वेळा सांगायचं!" आख्खं वाक्य! पुडिंग बसलं फुस्सकन, पोळीसारखं. मी रश्श्यात बुडवून खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं… रस्सा तिखट झाला होता, तुम्हाला सांगतो.

आता दर रविवारी करतो म्हटल्यावर वास जाणारच. समोरच्या हंसाबेन दारात. "धर्माजीभाई, सच बोलो, अंदर क्या डाला है?" मी म्हणतो, मैदा है, दूध है… आणि तिसरी वस्तू सांगायच्या आतच घंटी वाजते यंत्राची, मी काय करू? त्या ताटलीत डोकावून म्हणाल्या, "ये ढोकळे को क्या हुआ? मर गया?"

आणि सरूबाई! गोडदेवातल्याच, मूळच्या, मंदाच्या जिवाभावाच्या. मी आपलं एकदा मन मोकळं केलं त्यांच्यापाशी. तर त्या डोळे मोठे करून म्हणतात, "बाय हाय हितंच. न्हाय गेली ती. इच्छा राहिली तिची."

"कसली इच्छा?"

"तुज्या हातचं कदी खाल्लं व्हतं का तिनं? न्हाय ना? मंग! एक चांगला फुगलेला कर, अवसंला पानावर ठेव. बाय जाईल मुकाट."

बाय जाईल मुकाट! ऐकलंत? गोष्ट पार लीड्सपर्यंत पोचली, सगळ्यांना वाटलं, वा, काय उपाय सांगितला! मला रात्रभर… जाऊ द्या.

अवसेला माझ्या स्वयंपाकघरात ही गर्दी. सरूबाई केळीचं पान घेऊन हजर. हंसाबेन उंबऱ्याबाहेर, पदर नाकाला, "मैं इधर से ही देखती हूँ." आणि संचिता फोनवर, मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेली. "बाबा, आज उघडायचं नाही हं. आईसाठी. एवढं कराल ना?"

ओतलं पीठ. सरूबाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट! कोळंबी सोलून सोलून झालेली बोटं ती, सुटतात थोडीच! पंखा फिरतोय. वास असा सुटला, अस्सा सुटला, की मला कळलं, फुगतंय. आज फुगतंय हे. आणि मागं पिंपापाशी… काही नाही. "अहो" नाही. ओल्या हाताची बांगडी नाही. नुसती शांतता. अशी शांतता मी हॉस्पिटलातून परत आलो त्या दिवशी ऐकली होती घरात.

सरूबाईंनी एक हात धरला होता. दुसरा मोकळा होता.

खस्सकन ओढला ड्रॉवर!

चारी वाट्यांवर टोप्या घातल्यासारखी उभी होती पुडिंगं, सोन्यासारखी. बघता बघता मान टाकली त्यांनी. "अरे बापा, बेसी गयुं!" हंसाबेन ओरडल्या. सरूबाईंनी कपाळावर हात मारला. "बाबाऽऽऽ!" फोनमधून. आणि या सगळ्या गोंधळात मागून, अगदी कानाशी, "अहो, उघडू नका हो… सांगितलं होतं ना मी."

मी एकटाच हसत होतो. त्यावरनं तर यांची खात्रीच पटली, म्हातारा गेला कामातून.

आता तुम्हीच सांगा, हे यांना समजवायचं कसं? फुगलं, पानावर ठेवलं, की ती चालली. बसलं, तर रविवारी पुन्हा आहेच इथं. मग मी कशाला फुगू देतोय?

पण लेक हुशार. तिकडं बसून तिनं परवा नवीन यंत्र पाठवलं. पुढं काच, आत दिवा! सगळं दिसतं लख्ख. "आता उघडायची गरजच नाही बाबा. बसा बघत." किती मायेनं पाठवलं असेल पोरीनं! पहिल्याच दिवशी दिसलं ना हो, आत हळूहळू चढत चाललेलं! हात मुठीकडे जाईचना. जायला कारणच उरलं नाही.

काल तिचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, मशीनच्या काचेवर तो टॉवेल का टाकलाय?"

म्हटलं, "अगं, दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो."