काका, आधी तुम्ही

आमचं मूळ साताऱ्याकडचं, वडील नंदेसरीत केमिकल कंपनीत लागले म्हणून आम्ही बडोद्याचे झालो, जन्म माझा इथलाच, सुभानपुऱ्यातला, आणि पुढे मीही नंदेसरीतच क्लोरीनच्या प्लांटवर ऑपरेटर. तिथे पहिल्या दिवशी एकच गोष्ट डोक्यात भरतात, वास आला की खाली थांबायचं नाही, वर चढायचं, तो वायू जड, खड्ड्यात साचतो. आणि घरात आईनं भरवलेली दुसरी, मोठ्या माणसाला आधी. जेवायला आधी, रिक्षात आधी, दारातनं आधी. एवढंच घेऊन मी परदेशी गेलो.

देशाचं नाव लिहू नका हां, माझी माणसं आहेत तिथे. कारखान्यात नोकरी लागली, भाषा येत नव्हती, तर फोरमन आंद्रेकाकानं स्वतःच्या घरात खोली दिली, त्याची बायको, मी मारियाकाकू म्हणायचो, ती एकेक वस्तू हातात धरून नाव सांगायची, चमचा, साबण, मीठ, तशी शिकलो. सहा वर्षं राहिलो त्यांच्यात. मग लढाई गावाजवळ आली, काकानं पन्नाशी उलटल्यावर फौजेत नाव दिलं, आणि मी काय त्याच्या घरात बसून सूप पिऊ? मीही दिलं, कोणी जबरदस्ती नाही केली. आईला सांगितलं गोदामात ड्युटी आहे. वायरलेसवर माझं नाव होतं बडोदा. बडोदा, ऐकू येतंय का, असं कोणी विचारलं की घरूनच हाक आल्यासारखं वाटायचं, काय सांगू तुम्हाला.

त्या दिवशी आम्ही पाच जण, काका धरून, पाणी शुद्ध करायच्या कारखान्याच्या तळघरात. वर तोफा, बाहेर पडायला एकच लोखंडी शिडी, मास्क गाडीत राहिलेले. सकाळी वास आला. बाकीचे म्हणाले दारूगोळ्याचा आहे, मी म्हटलं नाही, हा माझ्या ओळखीचा, टाकी फुटलीय क्लोरीनची, वर चला, आत्ताच. ऐकेनात, वर गोळे पडतायत म्हणाले. मी ओरडलो, अक्षरशः ओरडलो. छातीत सुया टोचतायत, डोळे उघडेनात. शिडीला टेकून मी उभा, म्हणजे पहिला नंबर माझा, नियमच तसा, जो शिडीपाशी तो आधी, थांबायचं नाही. आणि मी बाजूला झालो. काका खोकत होता, त्याचा दंड धरला आणि तोंडातनं मराठीच निघालं, काका, आधी तुम्ही. तो मान हलवत होता, नको नको. मी ढकललं त्याला. ढकललं हो. तो वर पोचला आणि गोळा पडला.

आम्ही चौघं त्याच शिडीनं निघालो. खाली राहिलो असतो तर पाचही गेलो असतो, डॉक्टर म्हणाले. बाहेर पडताना माझ्या गुडघ्यात गोळ्याचा तुकडा गेलेला, बघा, वाकत नाही आता, म्हणून परत आलो.

मग काकूचे फोन, दर रविवारी. फौजेच्या पत्रात लिहिलेलं, बाहेर पडताना सगळ्यांत पुढे होता. गावात कुजबुज, फोरमन माणसं टाकून आधी पळाला. ती विचारायची, तू होतास ना तिथे, तो पुढे का होता? मी म्हणायचो, धूर होता काकू, दिसलं नाही. दोन वर्षं हेच. खरं सांगितलं तर ती म्हणेल, माझ्याच घरात जेवलास आणि माझ्याच माणसाला ढकललंस.

गेल्या रविवारी आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती, तिला आता सगळं माहीत. म्हणाली, ती बाई काय विचारते रे सारखी? मी सांगितलं. आई म्हणाली, मग सांग ना तिला, तुला तर माहीत आहे.

सांगितलं. जागा माझी होती, मी ढकललं, आमच्यात मोठ्यांना आधी.  म्हटलं काकू, शिव्या दे हवं तर, पण फोन ठेवू नको. मग ती म्हणाली, तो नको म्हणाला होता? मी म्हटलं हो, मान हलवली, दोनदा. आणि ती मोठ्यानं रडली. म्हणाली, बघ, मला वाटलंच होतं, तीस वर्षं सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणारा माणूस, तो असा पुढे जाईल कसा. आता सांगते एकेकाला.

देव तिला सुखात ठेवो. माझं काय, कोणी मोठं माणूस दाराशी आलं की मी बाजूला होतो, सवय आहे, जात नाही. पण तोंडातनं ते शब्द निघत नाहीत आता. तुम्हीच समजून पुढे व्हा निघताना. उंबरा उंच आहे, जपून.